एस१५ स्पेक-एसला टॉप-माउंट टर्बो किट: स्टिअरिंगचा शाफ्ट आडवा येतो आहे

प्रश्न : वळणवेडा

नमस्कार.

माझ्याकडे २००० सालची निसान सिल्व्हिया एस१५ आहे, तीही स्पेक-एस. म्हणजे टर्बो नसलेले १६५ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) एसआर२०डीई इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स. इंजिन धडधाकट आहे, तेल पीत नाही, आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले तेव्हा आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले. अर्धा बार बूस्टवर, म्हणजे टर्बोने हवेचा दाब तेवढा वाढवल्यावर, या गाडीतून साधारण २२० ते २३० पीएस निघाले तरी मी समाधानी आहे. त्याहून अधिकची हाव नाही.

गेल्या महिन्यात मी एक वापरलेले टॉप-माउंट, म्हणजे टर्बो वरच्या बाजूला बसवणारे, किट घेतले. त्यात नळ्या जोडून केलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बाहेरचा वेस्टगेट (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), हवा थंड करणारा समोरचा इंटरकूलर, त्याचे पाइप आणि टर्बोतला वायू खाली नेणारा ७६ मिमी व्यासाचा डाउनपाइप आहे. डाव्या स्टिअरिंगच्या २४०एसएक्समध्ये एसआर२० बसवणाऱ्यांसाठी हे किट बनवलेले आहे, याची मला कल्पना होती. पण “एसआर म्हणजे एसआर, स्टड तेच, गॅस्केट तेच” असे विकणाऱ्याने ठामपणे सांगितले आणि तेवढ्यापुरते त्यात खोटे काही नव्हते. मॅनिफोल्ड सिलिंडर हेडवर विनातक्रार बसला. टर्बोही बसला. मात्र टर्बाइनचे कवच आणि स्टिअरिंगचा खालचा शाफ्ट यांच्यात जेमतेम ६ मिमी अंतर उरले, आणि डाउनपाइप जिथे खाली वळतो तिथे ब्रेक बूस्टर व शाफ्ट दोन्ही आडवे येत असल्याने त्याचे शेवटचे दोन बोल्ट लागतच नाहीत.

मला तीन वाटा दिसतात. डाउनपाइप त्या जागी कापून चपटा करून पुन्हा वेल्ड करून घ्यावा. किंवा स्टिअरिंगच्या शाफ्टला आणखी एक सांधा देऊन त्याला बाजूने वळवावे. किंवा हा मॅनिफोल्ड विकून टाकून स्पेक-आरसारखा (एस१५ची कारखान्यातूनच टर्बो असलेली आवृत्ती) खाली बसणारा टर्बो लावावा. पहिली वाट सर्वांत स्वस्त असल्यामुळे माझा कल तिकडे आहे, हे प्रांजळपणे सांगतो. ज्यांनी उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. डीई इंजिनाला टर्बो सोसावा म्हणून आणखी काय काय बदलावे लागेल, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : तेलकट_हात

आपण फोटो जोडलेला नसला तरी आपल्या गाडीत काय घडले आहे ते मला डोळ्यांसमोर दिसते आहे, कारण अशा तीन गाड्यांखाली मी स्वतः झोपलेलो आहे.

किट असे का बनते ते आधी पाहू. एसआर२० मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लांबीच्या दिशेने बसते तेव्हा त्याची एक्झॉस्टची बाजू गाडीच्या उजवीकडे येते आणि इनटेकची डावीकडे. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या २४०एसएक्समध्ये हे इंजिन नव्हतेच, तिच्यात २.४ लिटरचे केए२४ असे. पुढे हौशी लोकांनी त्यांत एसआर२० बसवायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी मॅनिफोल्ड बनवणाऱ्यांना उजवीकडे मोकळे मैदान मिळाले, कारण स्टिअरिंग, ब्रेक बूस्टर आणि क्लचचा मास्टर सिलिंडर हे सगळे डावीकडे होते. आपली एस१५ मात्र नवी विकली गेली ती केवळ जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या उजव्या स्टिअरिंगच्या देशांत. ज्या कोपऱ्यात किटवाल्याला टर्बोसाठी ऐसपैस जागा दिसली, त्याच कोपऱ्यात आपल्या गाडीचे स्टिअरिंग आणि ब्रेक नांदतात. स्टड जुळले म्हणून किट जुळले असे होत नाही.

आता त्या ६ मिमीविषयी. हे अंतर आपण इंजिन बंद असताना मोजलेले आहे, आणि म्हणून त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. समोरून पाहिले असता या इंजिनाचा क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. चाकांकडे टॉर्क जाऊ लागला की ब्लॉक त्याच्या उलट दिशेने लोळू पाहतो. इंजिनाला चासीवर धरणारे डावे रबरी माउंट ताणले जाते, उजवे दबते आणि इंजिनाचे डोके गाडीच्या उजवीकडे कलते. पहिल्या गिअरमध्ये तर गिअरबॉक्सने वाढवलेला टॉर्कही याच माउंटांना तोलावा लागतो, म्हणजे इंजिनाच्या टॉर्कच्या तिपटीहून अधिक. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत हेच लोळणे टर्बोला शाफ्टपासून दूर नेते. आपल्या गाडीत नेमके उलट होते: आपण जेव्हा सर्वांत जोराने ॲक्सिलरेटर दाबाल, तेव्हाच तापलेले कवच शाफ्टच्या सर्वांत जवळ येईल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. एका गाडीत आम्ही ८ मिमी अंतर ठेवले होते आणि ते पुरेसे आहे अशी आमची समजूत होती. चारशे किलोमीटरनंतर गाडी परत आली ती “वळताना स्टिअरिंग मध्येच अडल्यासारखे वाटते” या तक्रारीसह. बॅटरी लावून खाली पाहिले, तर शाफ्टवर नखाएवढी जागा आरशासारखी घासून लखलखत होती आणि तिच्या कडेला पोलाद निळसर पडले होते. सांध्यातले ग्रीस वितळून खाली ओघळले होते. त्या मालकाचे नशीब बलवत्तर, एवढेच म्हणतो.

आपण एक साधी तपासणी करून पाहा. डाव्या माउंटच्या इंजिनाकडील कंसाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर जॅक लावा आणि तो अगदी हळूहळू, मिमीमिमीने वर घ्या. सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पत्र्याखाली जॅक लावू नका, तो दबेल. कवच आणि शाफ्ट यांच्यामध्ये मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीची जाडसर पट्टी चिकटवून ठेवा. जॅक उतरवल्यावर ती काढून सर्वांत पातळ जागी मोजली की खरे अंतर कळते. गाडी सुरू करून, ब्रेक दाबून, क्लच सोडत कोणाला तरी समोर वाकून पाहायला लावण्याचा प्रकार काही लोक करतात. तो कृपया करू नका. इंजिन कलल्यावरही २० मिमी उरत नसतील, तर मी ती गाडी दारातून बाहेर जाऊ देत नाही. हा आकडा नियमपुस्तकातला नाही, माझ्या अनुभवातला आहे.

आपल्या पहिल्या वाटेबद्दल बोलायचे, तर पाइप चपटा केल्याने वळणाचा प्रश्न कदाचित सुटेल. टर्बाइनच्या कवचाचा सुटणार नाही, कारण ते बिडाचे आहे आणि ते चपटे करता येत नाही.

उत्तर २ : तिसरा_गिअर

तेलकट_हात यांच्या मोजमापाच्या पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे. टॉप-माउंट आणि उजवे स्टिअरिंग यांचे जमूच शकत नाही, असे चित्र मात्र उभे राहू नये. माझ्या गाडीत ते सहा वर्षे जमलेले आहे. शाफ्टला तिसरा सांधा देऊन मी तो चाकाच्या कमानीकडे सरकवून घेतला.

हे काम कसे करतात तेही लिहितो, कारण चुकीचे केलेले पाहिले की अंगावर काटा येतो. दोन सांध्यांचा शाफ्ट स्वतःच्या आधारावर उभा राहतो, पण तिसरा सांधा आला की मधला तुकडा लोंबकळू लागतो. म्हणून तिथे चासीला घट्ट धरलेले आधाराचे बेअरिंग असावेच लागते. एका सांध्याचा कोन ३० अंशांच्या आत ठेवावा, आणि सांध्यांचे काटे एकमेकांशी योग्य दिशेने जुळवावेत, नाहीतर चाक फिरवताना ते एका जागी हलके आणि एका जागी जड लागते. मूळ शाफ्ट कापून मध्ये नळीचा तुकडा वेल्ड करणे हा तर शुद्ध अविचार आहे. अपघातात दुमडला जावा असा जो भाग मूळ कॉलममध्ये असतो, त्याचे काम नव्या रचनेतही शाबूत राहिले पाहिजे. मी हे काम स्टिअरिंगचे काम करणाऱ्या माणसाकडून करून घेतले, एक्झॉस्टवाल्याकडून नव्हे, आणि नंतर अधिकृत तपासणी करून कागद हाती घेतला. बहुतेक देशांत स्टिअरिंगमधला बदल तपासणीशिवाय रस्त्यावर चालत नाही आणि विमा कंपनीला कळवला नाही तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

एवढे सगळे सांगितल्यावर प्रामाणिकपणे हेही सांगतो की मला मोठा टर्बो हवा होता, म्हणून मी त्या वाटेने गेलो. २३० पीएससाठी स्टिअरिंगला हात लावावा असे मला वाटत नाही.

उत्तर ३ : डायनो_वही

प्रश्नकर्त्याचे उद्दिष्ट पाहता तिसरीच वाट योग्य आहे आणि तिचे उत्तर निसानने स्वतःच देऊन ठेवलेले आहे. स्पेक-आरचे एसआर२०डीईटी इंजिन याच चासीत, याच स्टिअरिंगच्या शेजारी, २५० पीएस देते. त्याचा ओतीव मॅनिफोल्ड आखूड आहे, टर्बो हेडच्या खाली ब्लॉकला खेटून बसतो आणि त्याची कोपरी (टर्बोच्या तोंडाची वळलेली नळी) शाफ्ट चुकवून मागे-खाली वळते. दिसायला हे टॉप-माउंटइतके देखणे नाही, बॉनेट उघडल्यावर कोणी वाहवा करणार नाही. पण उजव्या बाजूची प्रत्येक वस्तू जागेवर ठेवून ही रचना आखलेली आहे. स्पेक-आरचा मॅनिफोल्ड, बॉल बेअरिंगचा टी२८ टर्बो, कोपरी, डाउनपाइप आणि उष्णतारोधक पत्रे असा पूर्ण संच मिळाला तरच घ्या. पत्रे नसतील तर ते आधी शोधा. लोक नेमके तेच भंगारात टाकतात.

पत्र्यांवर एवढा भर का देतो ते सांगतो. जोरात चालवलेल्या गाडीत टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. डॉट ४ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यानंतर किमान १५५ अंश असावा लागतो. आपल्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन्हींचे मास्टर सिलिंडर टर्बोच्या बाजूलाच आहेत. म्हणून जुने फ्लुइड काढून नवे भरणे आणि मध्ये हवेची फट ठेवून पत्रा लावणे या दोन गोष्टी बूस्टचा पहिला झोत मिळण्याआधी करा. पत्रा थेट पाइपवर गुंडाळू नका, कारण उष्णता रोखण्याचे निम्मे काम ती फटच करते.

आता डीई इंजिनाविषयी. डीईटीचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ८.५ आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचे त्याहून बरेच वर. शिवाय डीईटीमध्ये पिस्टनच्या तळावर तेलाचा फवारा मारणाऱ्या नळ्या असतात. त्या डीईमध्ये नाहीत, त्यामुळे पिस्टनची उष्णता तितक्या लवकर उतरत नाही. या दोन कारणांमुळे आपले इंजिन इग्निशनच्या बाबतीत फारशी माफी देणार नाही. अर्धा बार ही मर्यादा आपण स्वतःहून घातली आहे, ती शहाणपणाची आहे आणि मोहाच्या क्षणीही ती पाळावी.

थोडा हिशेब मांडतो. बाहेर ३० अंश तापमान असताना आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली असता, अर्धा बार बूस्टला हवा साधारण ८३ अंशांवर बाहेर पडते. एक बारला हाच आकडा १२५ च्या घरात जातो. किटमधला इंटरकूलर ठेवा, तो आपल्याला कामी येईल. इंधनाचे पाहू: २३० पीएस म्हणजे सुमारे १६९ किलोवॅट. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर किलोवॅट-तासाला ०.३६५ किलो इंधन धरले, तर ताशी ६२ किलो, म्हणजे जवळपास ८४ लिटर पेट्रोल लागते. चार इंजेक्टरमध्ये वाटून, इंजेक्टर ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये असे ठरवले, तर प्रत्येकी मिनिटाला ४१० सीसीच्या आसपास क्षमता हवी. मूळ डीईचे इंजेक्टर एवढ्यासाठी नाहीत. पंपही त्याच मापाने बदलावा. इंधनाचा दाब वाढवून छोट्या इंजेक्टरवर भागवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकून सोडून द्या.

मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, बूस्ट म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याचे पूर्ण रीट्यूनिंग करून घ्या किंवा स्वतंत्र ईसीयू बसवा, आणि हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर गाडीत कायमचा राहू द्या. बूस्टमध्ये हवा-इंधनाचे प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवून इग्निशन मागे घेत (ठिणगी उशिरा टाकत), नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचे ठोके) ऐकत ऐकत पुढे जाणारा ट्यूनर शोधा. शेवटचे पाच पीएस काढून दाखवणारा नको. आणि रेव्ह लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, इंजिन आपटत ठेवू नका. झडपा उघडणारे रॉकर आर्म जागेवरून उडण्यासाठी एसआर२० बदनाम आहे आणि टर्बो आल्यावर लिमिटर फार लवकर गाठला जातो.

प्रश्नकर्ता : वळणवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी तपासणी केली. हिरव्या मातीची १२ मिमी जाड पट्टी ६ मिमीच्या फटीत दाबून बसवली, डाव्या कंसाखाली लाकूड ठेवले आणि जॅकचा दांडा सावकाश हलवू लागलो. तिसऱ्या हेलकाव्याला “टक्” असा बारीक आवाज आला. पट्टी काढून उजेडाकडे धरली तर मधोमध आरपार भोक पडले होते आणि भोकाच्या कडेला शाफ्टच्या गोलाईचा ठसा स्वच्छ उमटला होता. त्यानंतर पहिल्या वाटेचा विचार मनातून आपोआप गेला.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. जॅक वर जाताना डाव्या माउंटचे रबर एका बाजूने उघडताना दिसले. जवळून पाहिले तर अंगठा आत जाईल एवढी चीर आहे. म्हणजे टर्बो नसतानाही हे इंजिन किती दिवस लोळत होते कोण जाणे. दोन्ही माउंट नवे मागवले आहेत. इथे एक शंका आहे: माउंट कडक पॉलियुरेथेनचे घातले, तर इंजिन कमी लोळेल आणि टॉप-माउंट वाचेल का?

उत्तर ४ : तेलकट_हात

लोळणे कमी होईल, पण थांबणार नाही, आणि स्टिअरिंगची सुरक्षितता एका रबराच्या तुकड्यावर टांगून ठेवणे मला मान्य नाही. रबर आज ना उद्या जुने होतेच. ते आपल्याच डाव्या माउंटने दाखवून दिले आहे. रोजच्या गाडीला नवे मूळ माउंट पुरेसे आहेत. कडक माउंटने सगळी थरथर डॅशबोर्डपर्यंत येते आणि महिन्याभरात माणूस वैतागतो.

खाली बसणारा टर्बो लावणार असाल, तर तेलाच्या परतीच्या पाइपकडे आधी लक्ष द्या. टर्बोला दाबाने गेलेले तेल परत येते ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, आणि खालच्या टर्बोत उताराला जागा कमी असते. पाइप आतून निदान १६ मिमी असावा, त्याला कुठेही वरच्या दिशेने बाक नसावा आणि तो सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावा. डीईच्या ब्लॉकवर ही जागा तयार मिळेल असे गृहीत धरू नका. भोक पाडायचे असेल तर सम्प खाली उतरवूनच पाडा. सम्प जागेवर ठेवून, ड्रिलला ग्रीस लावून “चुरा बाहेरच येतो” असे म्हणणारे भेटतील; तो चुरा पुढे बेअरिंगमध्ये सापडतो. टर्बो धूर ओकू लागला की लोक सील गेले म्हणून टर्बो बदलतात, आणि बहुतेक वेळा दोष या परतीच्या पाइपचा असतो.

प्रश्नकर्ता : वळणवेडा

समजले. स्पेक-आरचा मॅनिफोल्ड, टर्बो आणि कोपरी असा संच एका मोडीत निघालेल्या गाडीचा मिळतो आहे; पत्रे दोन आहेत, तिसरा गायब आहे, तो मी मापाने बनवून घेईन. इंटरकूलर व त्याचे पाइप ठेवतो, मॅनिफोल्ड, वेस्टगेट आणि डाउनपाइप विकायला काढतो. जाहिरातीत “फक्त डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी” असे पहिल्याच ओळीत लिहिले आहे आणि भोक पडलेल्या मातीच्या पट्टीचा फोटो सोबत लावला आहे. सम्प उतरवला आहे. उद्या परतीच्या पाइपची जागा आखतो आणि भोक पाडण्यापूर्वी मापे इथे टाकतो.

उत्तर ५ : तिसरा_गिअर

मापे टाकताना टर्बोची कोपरी तात्पुरती लावून, नवे माउंट बसवून आणि जॅकची तीच तपासणी पुन्हा करूनच टाका. मूळ कारखान्याचा भाग आहे म्हणून ती वगळू नका. मोडीतल्या गाडीची कोपरी वाकलेली असू शकते.